पुण्यातील घरचा कचरा : वेगळा कसा करावा, कोणाकडे द्यावा आणि तो पुढे कुठे जातो

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या कुटुंबाने आपला रोजचा कचरा कसा वेगळा करावा, तो कोणाच्या हाती द्यावा आणि कोणत्या वस्तू रोजच्या गाडीत टाकू नयेत, याची माहिती या लेखात दिली आहे. पिंपरी-चिंचवड ही स्वतंत्र महानगरपालिका आहे, तसेच पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटमध्येही व्यवस्था वेगळी आहे; तेथील रहिवाशांना वर्गीकरणाविषयीचा भाग जसाच्या तसा उपयोगी पडेल, मात्र गाडी, वेळ आणि शुल्क यांची चौकशी त्यांनी आपापल्या कार्यालयात करावी.

दारी येते ती व्यक्ती कोण असते

पुण्याच्या मोठ्या भागात सकाळी दारी कचरा मागायला येणारी ताई महापालिकेची पगारी कर्मचारी नसते. ती ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेची सभासद असते. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या कामातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. उकिरड्यावर आणि रस्त्यावरच्या कुंड्यांत हात घालून भंगार वेचणाऱ्या, बहुतांशी दलित समाजांतील या स्त्रियांची मागणी साधी होती : आमच्या कामाला काम म्हणा, आणि कचरा कुंडीत जाण्याआधी घराच्या दारातूनच आम्हाला द्या. त्याच संघटनेतून २००७ मध्ये ‘स्वच्छ’ची स्थापना झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने दारोदार कचरा गोळा करण्याचे काम करार करून तिच्याकडे सोपवले. शहराच्या काही भागांत मात्र महापालिकेच्या किंवा ठेकेदाराच्या घंटागाड्या थेट येतात.

या व्यवस्थेचा पैशाचा भाग प्रत्येक घराने समजून घ्यावा असे मला वाटते, कारण बाकीचे सगळे नियम त्यातून आपोआप उलगडतात. ‘स्वच्छ’च्या सभासदाला महापालिका महिन्याचा पगार देत नाही. तिची कमाई दोन ठिकाणांहून येते : घरांनी दरमहा दिलेले सेवाशुल्क, आणि सुक्या कचऱ्यातून निघालेल्या विकाऊ मालाची किंमत. त्यामुळे आमटीने भिजलेले वर्तमानपत्र किंवा दह्याने माखलेला डबा आपण सुक्या कचऱ्यात टाकतो तेव्हा पुनर्वापराची संधी जाते, आणि त्याबरोबर कोणाची तरी त्या दिवसाची मिळकतही कमी होते. शुल्काची रक्कम महापालिका ठरवते. झोपडपट्टी वस्त्यांसाठी ती सवलतीची आणि दुकाने, उपाहारगृहे यांच्यासाठी जास्त असते. हे शुल्क महिन्याच्या सुरुवातीला मागण्याची वाट न पाहता द्यावे आणि त्याची पावती घ्यावी. ‘घरपट्टी भरतो, मग वेगळे पैसे कशाला’ हा प्रश्न सोसायट्यांच्या सभेत नेहमी येतो. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा निर्माण करणाऱ्याने स्थानिक संस्थेने ठरवलेले सेवाशुल्क भरणे बंधनकारक आहे, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंची अडचण बहुधा अशी असते की गाडी कधी येते हेच त्यांना ठाऊक नसते. शेजारी किंवा इमारतीचा रखवालदार ही माहिती देऊ शकतो. न मिळाल्यास आपल्या भागातील महापालिकेच्या आरोग्य कोठीत, म्हणजे सफाईच्या कामाच्या स्थानिक ठाण्यात, जाऊन विचारावे. प्रत्येक कोठीवर मुकादम असतो आणि त्याला आपल्या हद्दीतील प्रत्येक गल्लीची वेळ आणि तेथे येणारी व्यक्ती माहीत असते.

घरात किती डबे ठेवावेत

महापालिकांच्या मोहिमांमुळे ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा असे दोन डबे सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. व्यवहारात मात्र दोन डबे पुरत नाहीत. ओला, सुका, स्वच्छताविषयक म्हणजे पॅड-डायपरचा, आणि घरगुती घातक असे चार भाग करावे लागतात. त्यांपैकी ओला आणि सुका रोज लागणारे, तिसरा गरजेनुसार, आणि चौथ्यासाठी कपाटाच्या वरच्या फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, एक जुना डबा पुरतो.

ओल्या कचऱ्यात भाज्यांची देठे, फळांची साले, उरलेले अन्न, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, मासे-मटणाची हाडे, देवाची वाळलेली फुले आणि तेलकट झालेला कागदी रुमाल हे सर्व येते. नारळाची करवंटी ओल्यातच द्यावी, मात्र ती घरच्या कंपोस्टमध्ये लवकर कुजत नाही. शिळी आमटी किंवा ताक डब्यात ओतण्याआधी गाळून घ्यावे आणि पाणी मोरीत सोडावे, कारण डब्यात साचलेल्या पाण्यानेच घाण वास येतो, आणि तेच पाणी पुढे ढकलगाडीतून कचरावेचक ताईंच्या पायांवर आणि रस्त्यावर गळत जाते.

ओल्या कचऱ्याच्या डब्याला प्लास्टिकची पिशवी लावू नये. या एका गोष्टीवर मी सर्वांत जास्त आग्रह धरेन. पिशवीची गाठ मारून कचरा दिला की घराला स्वच्छ वाटते, परंतु ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने फाडून रिकामी करावीच लागते. न फाडता गेली तर आतला कचरा कुजत नाही, सडतो, आणि खतात प्लास्टिकचे तुकडे येतात. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे पान दुमडून घालावे, कचरा थेट गाडीत उपडा करावा आणि डबा विसळून पालथा ठेवावा. कागदाचे ते एक पान खतात सहज मिसळते.

सुका कचरा : खरी किंमत येथे आहे

सुक्या कचऱ्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : वस्तू रिकामी, कोरडी आणि शक्य तर सपाट असावी. ती चकचकीत धुण्याची गरज नाही. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात दह्याचा डबा किंवा सॉसची बाटली एकदा हलवून उपडी ठेवली तरी पुरते. ओलाव्याने कागदाची किंमत सर्वांत जास्त जाते, म्हणून रद्दी, वह्या, पुठ्ठे हे बाकीच्या सुक्यापासूनही निराळे, एका गठ्ठ्यात ठेवावेत. पुठ्ठ्याचे खोके उलगडून दिले तर ढकलगाडीत जागा राहते; घरपोच खरेदी वाढल्यापासून न उलगडलेल्या खोक्यांनीच अर्धी गाडी भरते.

दुधाची पिशवी ही पुण्याच्या घरातील सर्वांत नियमित येणारी प्लास्टिकची वस्तू आहे, आणि तिला भंगारात मागणीही आहे. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. टोक पिशवीला चिकटलेलेच राहील एवढीच चीर द्यावी. तोडलेला तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि शेवटी गटारात, नदीत किंवा ओल्या कचऱ्यात जातो. रिकामी पिशवी उघडून विसळावी, वाळत घालावी आणि आठवड्याच्या पिशव्या एकत्र द्याव्यात.

पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या, शाम्पू-तेलाचे डबे, स्टील-ॲल्युमिनियमचे तुकडे, पत्र्याचे डबे या सर्वांना ठरलेला बाजार आहे. काचेची अखंड बाटली पुन्हा भरण्यासाठी विकली जाऊ शकते, तर फुटलेली काच केवळ वितळवण्याच्या कामाची उरते, म्हणून बाटल्या फोडू नयेत. फळांच्या रसाचे आणि ताकाचे कागदी खोके वरून कागदी दिसत असले तरी त्यांत कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर असतात; ते वेगळे करणारे कारखाने मोजके आहेत, परंतु खोका विसळून, चपटा करून दिला तर तो तेथवर पोहोचू शकतो.

याउलट काही वस्तू सुक्या असूनही जवळजवळ बिनकिमतीच्या आहेत, आणि त्या आपण घरात किती आणतो याचा विचार दुकानातच व्हायला हवा. वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटे अनेक थरांची असल्याने सहज वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. कागदी कपांच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा लेप असतो. दुकानातील यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदाची असते, ती रद्दीत मिसळू नये. थर्माकोल हलका आणि आकाराने मोठा असल्याने त्याची वाहतूकच परवडत नाही. या वस्तू सुक्यातच द्याव्यात, पण त्यांतून कचरावेचकाला काही मिळते असे समजू नये. त्यांचे ओझे ती आपल्या शुल्काच्या बदल्यात वाहून नेते. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात आणि १ जुलै २०२२ पासून देशभर अनेक एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आहे. थर्माकोलची सजावट, प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे आणि स्ट्रॉ त्यात मोडतात.

रद्दी आणि मोठे भंगार घरोघरी येणाऱ्या भंगारवाल्याला विकण्याची पद्धत जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र जो रोज आपला ओला, वासाचा, बिनकिमतीचा कचरा उचलतो त्यालाच महिन्याची रद्दीही द्यावी, असे माझे मत आहे. सर्व किमती माल दुसऱ्याला विकून उरलेली घाण तेवढी ताईंच्या हाती देणे न्याय्य नाही.

पॅड, डायपर आणि धारदार वस्तू

वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कधीही मोकळे, किंवा ओल्या-सुक्यात मिसळून देऊ नयेत. घनकचरा नियमांनुसार ते उत्पादकाने दिलेल्या पाकिटात किंवा योग्य वेष्टनात गुंडाळून देणे ही घराची जबाबदारी आहे. पुण्यातील कचरावेचकांनी यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली : पॅड वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावे आणि वर लाल रंगाचा मोठा ठिपका काढावा, म्हणजे उघडून पाहण्याची वेळ कोणावर येत नाही. घरात आजारी किंवा अंथरुणाला खिळलेली वृद्ध व्यक्ती असेल तर मोठ्या डायपरसाठी, जखमेच्या पट्ट्यांसाठी आणि कापसासाठीही हीच पद्धत वापरावी. यासाठी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीची गरज नाही. तिच्यामुळे आत काय आहे ते दिसत नाही आणि न उघडता कळतही नाही.

इन्सुलिनच्या सुया ज्या घरांत रोज लागतात त्या घरांनी जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली घेऊन त्यात सुया साठवाव्यात, बाटली भरल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि वर ‘सुया’ असे ठळक लिहून ती वेगळी हाती द्यावी. दाढीची पाती पावडरच्या जुन्या डब्यात साठवावीत. फुटलेला पेला किंवा आरसा जाड कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून द्यावा, आणि देताना तोंडी सांगावे. हातमोजे असूनही कचरावेचकांची बोटे कापली जातात, कारण काच गोळा होते तेव्हा ती कुठल्यातरी भाजीच्या देठांखाली दडलेली असते.

घरगुती घातक कचऱ्यात मुदत संपलेली औषधे, ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे, पाऱ्याचे तापमापक, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, बॅटरीचे सेल हे येतात. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पाऱ्याची वाफ असल्याने त्या फोडू नयेत. नवीन दिव्याच्या खोक्यात जुना घालून ठेवावा. मोबाइल आणि लॅपटॉपची लिथियमची बॅटरी सुक्या कचऱ्यात गेली आणि गाडीच्या दाबाखाली चिरडली गेली तर पेट घेऊ शकते, म्हणून ती रोजच्या गाडीत कधीही टाकू नये. बॅटऱ्या, सेल आणि दिवे साठवून ई-कचऱ्याबरोबर, म्हणजे जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंबरोबर, द्यावेत.

दारातून पुढे

कचरावेचकांची जोडी आपल्या ठरलेल्या इमारती पूर्ण करून ढकलगाडी किंवा बादल्या घेऊन एका जागी येते, आणि तेथे सुका कचरा पुन्हा हाताने निवडला जातो. कागदाचे, प्लास्टिकचे, काचेचे आणि धातूचे अनेक उपप्रकार करून विकाऊ माल गोण्यांत भरला जातो आणि भंगाराच्या दुकानात जातो; तेथून तो घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कागदगिरणीत, प्लास्टिकच्या दाण्यांच्या कारखान्यात किंवा भट्टीत पोहोचतो. हे सर्व निवडणे बहुधा रस्त्याच्या कडेला, उन्हापावसात होते. सोसायटीने आपल्या आवारात छप्पर असलेली दहा-बारा फुटांची जागा आणि एक पाण्याचा नळ उपलब्ध करून दिला तर त्याने जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही जनजागृतीच्या फलकाने पडत नाही.

ओला कचरा आणि न विकला जाणारा सुका कचरा ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी, ज्याला महापालिकेच्या भाषेत फीडर पॉइंट म्हणतात, तेथे महापालिकेच्या गाडीत भरला जातो. ही गाडी हस्तांतरण केंद्रावर जाते, आणि तेथून मोठ्या वाहनांतून माल प्रक्रिया प्रकल्पांकडे रवाना होतो. ओल्याचे खत किंवा बायोगॅस होतो. सुक्यातील निरुपयोगी भाग वाळवून, बारीक करून सिमेंटच्या भट्ट्यांसाठी इंधन म्हणून वापरला जातो. ज्याचे काहीच होत नाही ते भूभरावाला, म्हणजे जमिनीत पुरायला, जाते.

हा ‘काहीच होत नाही’ असा भाग कोणाच्या अंगणात जातो, हे पुणेकरांनी विसरू नये. पूर्वी कोथरूडमध्ये शहराचा कचरा डेपो होता. आज त्या जागेवर मेट्रोचा डेपो उभा आहे. पुढे अनेक वर्षे शहराचा मिश्र कचरा हडपसरच्या पलीकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत ओतला गेला. तेथील विहिरींचे पाणी खराब झाले, दुर्गंधी आणि माश्यांनी गावे त्रस्त झाली आणि ढिगाऱ्यांना वारंवार आगी लागल्या. एप्रिल २०१७ मध्ये अशीच एक मोठी आग लागल्यानंतर ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, आणि शहरात जागोजागी कचरा साचला. मिश्र कचऱ्याला आग का लागते याचे कारण सोपे आहे : ढिगाच्या आत हवेविना ओला कचरा सडतो तेव्हा मिथेन वायू तयार होतो, आणि त्याच ढिगात प्लास्टिक आणि कागद जळण म्हणून हजर असतात. ओला निराळा निघाला तर ढिगात मिथेन होत नाही, आणि सुका निराळा निघाला तर जळण उरत नाही. म्हणून उरुळीच्या रहिवाशांचा प्रश्न आणि आपल्या ओट्याखालचे दोन डबे यांचा संबंध थेट आहे.

ओला कचरा घरीच जिरवायचा असेल तर

ज्यांना बाल्कनीची किंवा गच्चीची थोडी जागा आहे त्यांनी ओला कचरा घराबाहेर पाठवण्याची गरज नाही. दोन कुंड्या किंवा भोके पाडलेल्या बादल्या घ्याव्यात. एक भरत असताना दुसरी पिकत राहते. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेल्या काटक्यांचा थर द्यावा, म्हणजे पाणी खाली निथळते आणि हवा खेळते. त्यावर रोजचा कचरा बारीक करून टाकावा आणि तो झाकला जाईल एवढा वाळलेला पाला, कोकोपीट किंवा लाकडाचा भुसा घालावा. सुरुवातीला दोन मुठी तयार खत किंवा पाण्यात कालवलेले आंबट ताक टाकल्यास जिवाणूंचे काम लवकर सुरू होते.

कंपोस्ट बिघडते ते जवळजवळ नेहमी ओलाव्यामुळे. मूठभर मिश्रण दाबून पाहावे : गोळा झाला, पण बोटांतून पाणी आले नाही, तर ओलावा योग्य आहे. पाणी टपकले तर हवा कोंडली गेली आहे; अशा वेळी सडका वास येऊ लागतो, आणि त्यावर उपाय म्हणजे वाळलेला पाला वाढवणे आणि तीन-चार दिवसांनी एकदा खालवर करणे. गोळाच झाला नाही आणि मुंग्या दिसू लागल्या तर मिश्रण कोरडे पडले आहे, थोडे पाणी शिंपडावे. पांढुरक्या किंवा तपकिरी, जाडसर अळ्या दिसल्या म्हणून पुष्कळजण घाबरून सर्व फेकून देतात. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या असतात, कचरा भराभर खातात, आणि त्यांच्यापासून घराला धोका नसतो. तेलकट भाजी, मांसाहार, दही-दूध आणि मीठ जास्त असलेले पदार्थ मात्र छोट्या कुंडीत टाकू नयेत. साधारण दोन महिन्यांत कचरा ओळखू न येणारा, काळसर, मातीचा वास असलेला झाला की तो चाळून कुंड्यांना घालावा आणि चाळणीवर उरलेले जाड तुकडे पुन्हा नव्या थरात टाकावेत.

मोठ्या सोसायट्यांना यात पर्याय दिलेला नाही. घनकचरा नियमांनुसार दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा निर्माण करणारे हे मोठे कचरा उत्पादक ठरतात, आणि अशा गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, सुका अधिकृत कचरावेचकांना द्यावा, असे बंधन आहे. गांडूळखत, सौर ऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असल्यास पुणे महापालिका मिळकतकराच्या सर्वसाधारण करात ५ टक्के, आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. प्रकल्प प्रत्यक्ष चालू आहे की नाही याची तपासणी होते, म्हणून यंत्र घेऊन कुलूप लावून ठेवण्यात काही हशील नाही. महागडे यंत्र घेण्यापूर्वी सोसायट्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा : रोज ते चालवणार कोण, आणि त्या व्यक्तीला त्याचे पैसे किती देणार? विटांचे साधे हौद आणि ते नीट सांभाळणारा एक माणूस, ही रचना बंद पडलेल्या यंत्रापेक्षा कितीतरी चांगली चालते. उंच इमारतींतील वरच्या मजल्यांवरून कचरा खाली सोडायचे उभे नळ मात्र बंद करावेत, कारण त्यांतून खाली पडणारा कचरा वेगळा राहणे जवळजवळ अशक्य असते.

रोजच्या गाडीत न जाणाऱ्या वस्तू

घराची दुरुस्ती केली की निघणाऱ्या विटा, फरश्या, सिमेंट आणि माती यांना पुण्यात राडारोडा म्हणतात. तो रस्त्याच्या कडेला, ओढ्यात किंवा नदीपात्रात टाकणे हा दंडास पात्र गुन्हा आहे, आणि शहरातील ओढे पावसाळ्यात तुंबण्याचे ते एक मोठे कारणही आहे. काम सुरू करण्यापूर्वीच ठेकेदाराशी राडारोड्याच्या वाहतुकीचे बोलणे करावे आणि तो कुठे टाकणार हे विचारून घ्यावे. जबाबदारी ठेकेदाराची म्हणून हात झटकता येत नाहीत. बागेतील फांद्या आणि पालापाचोळा शक्यतो आवारातच कुजवावा. तो कोणत्याही परिस्थितीत जाळू नये, कारण कचरा उघड्यावर जाळण्यास नियमांनी मनाई आहे.

जुन्या गाद्या, मोडके फर्निचर, कपडे, ई-कचरा यांच्यासाठी ‘स्वच्छ’कडून आणि इतर संस्थांकडून संकलन केले जाते, दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत त्यांचा ढीग कोपऱ्यावर लावण्यापेक्षा आपल्या भागातील संकलनाचा दिवस आधीच विचारून ठेवावा. जुना संगणक किंवा मोबाइल देण्यापूर्वी त्यातील खाजगी माहिती पुसून टाकावी, आणि तो सुट्या भागांची तोडफोड करणाऱ्याला न देता अधिकृत संकलकालाच द्यावा. चांगल्या अवस्थेतील कपडे धुऊन द्यावेत. फाटलेले कपडे दान म्हणून देऊ नयेत.

गणेशोत्सवात निर्माल्याचा प्रश्न दरवर्षी येतो. विसर्जनाच्या दिवशी घाटांवर ‘स्वच्छ’चे सभासद निर्माल्य गोळा करायला उभे असतात. हारांतील दोरा, जरी आणि प्लास्टिकची फुले घरीच काढून टाकावीत, निर्माल्य कागदी पिशवीत किंवा टोपलीत न्यावे आणि ते पाण्यात न सोडता त्यांच्या हाती द्यावे. त्याचे खत होते. घरी किंवा मंगल कार्यालयाबाहेर १०० पेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम विनापरवाना जागेत करायचा असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवून कचऱ्याची व्यवस्था लावणे, हेही घनकचरा नियमांत आहे. बारशाला किंवा मुंजीला पंगत बसवणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे, आणि ताटल्या-पेले कोणते वापरायचे हे ठरवतानाच ते उचलणाऱ्या व्यक्तीला वेगळे मानधन द्यायचे ठरवावे.

गाडी आली नाही तर

एखाद्या दिवशी कचरा उचलला गेला नाही तर तो कोपऱ्यावर नेऊन टाकू नये. शहरातील बहुतेक कुंड्या हटवल्या गेल्या, परंतु जेथे कुंडी होती तेथे कचरा टाकण्याची सवय गेली नाही, आणि एका पिशवीपाशी दुसरी पिशवी येऊन सकाळपर्यंत ढीग होतो. सुका कचरा आठवडाभरही घरात राहू शकतो. ओला कचरा झाकण लावून, वर थोडा कोरडा पाला किंवा कागदाचे तुकडे घालून एक दिवस ठेवता येतो; मासळीचा कचरा असेल तर तो फ्रीजरमध्ये डब्यात ठेवावा.

दुसऱ्या दिवशीही कोणी आले नाही तर प्रथम आपल्या भागातील आरोग्य कोठीच्या मुकादमाला सांगावे, आणि तेथे दखल घेतली गेली नाही तर क्षेत्रीय कार्यालयातील आरोग्य निरीक्षकाकडे किंवा महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ या ऑनलाइन तक्रार सेवेवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तक्रारीत इमारतीचे नाव, गल्ली, खाडा झालेले दिवस आणि कचरा वर्गीकरण करूनच ठेवला होता ही माहिती लिहावी. तक्रार करण्यापूर्वी शेजारच्या इमारतीत विचारून घ्यावे : पुष्कळदा ताई आजारी असते, किंवा तिची बदली सभासद नवीन असल्याने एखादा जिना राहून गेलेला असतो, आणि अशा वेळी तिच्या जोडीदाराला दिलेला एक निरोप तक्रारीपेक्षा लवकर काम करतो. घर काही दिवस बंद ठेवणार असाल तर तेही आधी सांगावे, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंतची तिची चढण तेवढे दिवस वाचेल, आणि त्या महिन्याचे शुल्क मात्र पूर्ण द्यावे.